उंबरठ्याच्या अलीकडचे

करोनाच्या साथीच्या काळात जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून एका ठरावीक धाटणीचे निबंध इतक्या वेळा प्रसिद्ध झाले, की ‘अमुक शहरातील रुग्णालयांत दाखल झालेल्या करोनाबाधितांची वैशिष्ट्ये’ एवढे शीर्षक वाचले म्हणजे आतला मजकूर न वाचताही सांगता यावा. पहिल्या तक्त्यात वय, लिंग आणि पूर्वीचे आजार. दुसऱ्यात ताप, खोकला, दम. तिसऱ्यात रक्ताच्या तपासण्या. आणि शेवटी किती बरे होऊन घरी गेले, किती दगावले आणि किती अद्याप खाटेवर आहेत याचा हिशेब. ज्यांनी अंगात घामाने भिजलेला पोशाख आणि डोळ्यांवर धुके धरलेला चष्मा घेऊन दिवसरात्र रुग्ण पाहिले, आणि त्यातूनही वेळ काढून हे तक्ते भरले, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरावाचून दुसरे काही नाही. परंतु घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या, आणि वैद्यकशास्त्राशी केसपेपरापलीकडे संबंध न आलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला ते तक्ते वाचताना एक शंका वारंवार येत राहिली, आणि ती साथ ओसरल्यावरही गेलेली नाही. ही जी वैशिष्ट्ये म्हणून मांडली जातात, ती रोगाची किती आणि रुग्णालयाच्या दाराची किती?

फोंडाघाट हे गाव नावाप्रमाणेच घाटाच्या तोंडाशी वसलेले आहे. वर चढले की दाजीपूरचे जंगल, राधानगरी आणि पुढे कोल्हापूर. खाली उतरले की कणकवली, आणि तेथून महामार्गाने दक्षिणेस ओरोस, जेथे जिल्ह्याचे रुग्णालय आहे. त्याहूनही मोठे दुखणे असेल तर राज्याची सीमा ओलांडून गोव्यात बांबोळीला जावयाचे, नाहीतर घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. आमच्याकडे एखाद्याचे दुखणे किती गंभीर आहे हे विचारण्याची रीत ‘काय झाला?’ अशी नसून ‘खंय न्हेल्यानी?’ अशी आहे, आणि ‘बांबोळीक’ असे उत्तर आले की विचारणारा पुढे काही न बोलता चहाचा कप खाली ठेवतो. रोगाची तीव्रता अंतराने मोजणाऱ्या या मुलुखातून पाहिले असता रुग्णालयातला रुग्ण हा आजारी माणसांचा सरसकट प्रतिनिधी कधीच दिसत नाही. ज्याच्यासाठी गाडी मिळाली, ज्याच्याबरोबर जाण्यास घरात कोणी होते आणि ज्याच्या घरच्यांनी मनाचा हिय्या वेळेत केला, असा तो एक निवडलेला इसम दिसतो.

या म्हणण्यास पुरावा पाहिजे असेल तर तो त्या तक्त्यांतच आहे. वुहान येथील पहिल्या ४१ रुग्णांचे वर्णन २४ जानेवारी २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांचे मध्यक वय ४९ वर्षे होते, म्हणजे निम्मे त्याहून लहान आणि निम्मे त्याहून मोठे. त्यानंतर चीनच्या तीस प्रांतांतील ५५२ रुग्णालयांमधून १०९९ रुग्णांची माहिती संकलित झाली, तीत हे वय ४७ निघाले. न्यूयॉर्क परिसरातल्या बारा रुग्णालयांतील ५७०० रुग्णांत ते ६३ झाले, आणि ब्रिटनमधील २०८ रुग्णालयांतील २०,१३३ रुग्णांत ७३. विषाणू तोच, वर्ष तेच, आणि अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने ‘करोनाचा रुग्ण’ सव्वीस वर्षांनी म्हातारा झाला! त्या त्या देशांतल्या लोकसंख्येच्या वयोमानाचा या फरकात वाटा आहे, हे खरे. पण तेवढ्याने सव्वीस वर्षांचा हिशेब लागत नाही. चीनमध्ये बाधित माणसाला इतरांपासून दूर ठेवण्यासाठीही दाखल करीत असत, मग त्याला साधा खोकला असो वा नसो. ब्रिटनमध्ये दुखणे घरी निभावेनासे होईपर्यंत घरीच राहा, अशी सरकारची स्पष्ट सूचना होती. एका दाराची चौकट रुंद, दुसऱ्याची अरुंद. आणि ज्या मापाची चौकट, त्या मापाची माणसे आत.

आपल्याकडे तर एकाच देशात, एकाच जिल्ह्यात, ही चौकट महिन्या-महिन्याला बदलली. आरंभी ज्याची तपासणी बाधित आली तो दाखल, मग तो खाटेवर बसून मोबाईलवर भजन ऐकत असला तरी. एप्रिल २०२०च्या अखेरीस अगदी सौम्य लक्षणे असणाऱ्यांना घरी राहण्याची मुभा केंद्र सरकारने दिली. आणि २०२१च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूची पातळी घसरल्याशिवाय खाट मिळणे दुरापास्त झाले. पहिल्या काळातील केसपेपर एखाद्याने चाळले तर त्याला हा तरुण, धडधाकट माणसांचा किरकोळ आजार वाटेल, आणि तिसऱ्या काळातील चाळले तर तोच प्रलय वाटेल. डेल्टा हा विषाणूचा अवतार अधिक उग्र होता, यात शंका नाही. पण त्याचा उग्रपणा किती आणि चौकटीचा आखूडपणा किती, हे केवळ केसपेपरावरून वेगळे काढता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

चौकटीच्याही आधी एक दुसरी चाळणी असते, ती म्हणजे तपासणी कोणाची करावयाची याचा शिरस्ता. वुहानच्या त्या ४१ जणांपैकी दोन तृतीयांश लोकांचा तेथल्या मासळीबाजाराशी संबंध होता; परंतु पहिल्या दिवसांत बाजाराशी संबंध असणे हीच संशयिताची एक खूण धरली जात होती, तेव्हा जे शोधले तेच सापडले, यात नवल ते काय? महाराष्ट्रातले पहिले बाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले, ते दुबईहून परतलेले जोडपे होते, आणि तपासण्या त्या वेळी प्रामुख्याने परदेशाहून आलेल्यांच्या व त्यांच्या निकटवर्तीयांच्याच होत असल्यामुळे कित्येक दिवस पारपत्र हे या रोगाचे पहिले लक्षण होऊन बसले. मग आमची पाळी आली.

३० एप्रिल २०२०च्या केंद्र सरकारच्या यादीत सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातल्या सहा हिरव्या जिल्ह्यांपैकी एक होता, आणि त्या हिरव्या रंगाचा आम्हांला थोडा गर्वही झाला होता, हे कबूल केले पाहिजे. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येऊ लागले. पासाच्या रांगेत उभे राहून, कोणी टेम्पोने, कोणी दुप्पट-तिप्पट भाड्याच्या गाडीने, आपापल्या गावच्या शाळेत चौदा दिवस काढण्यासाठी ते येत होते. आमच्या शाळेत त्यांच्या नावांची वही लिहिण्याचे काम, अक्षर बरे म्हणून, गावच्या समितीने माझ्याकडे दिले होते. ज्या वर्गात मी तीस वर्षे हजेरी घेतली त्याच वर्गाच्या दारात, तोंडाला रुमाल बांधून, मी माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांची हजेरी घेत होतो: नाव, वय, मुंबईतला पत्ता, आल्याची तारीख. स्वॅब आधी मिरजेला जात, आणि अहवाल येईपर्यंत वर्गाच्या खिडकीतून घरचे लोक लांबूनच डबा ठेवून जात. पुढे बाधितांची यादी झाली तेव्हा तिच्यातली बहुतेक नावे माझ्या वहीतली होती. गावाने त्यावरून तात्काळ निष्कर्ष काढला, की करोना हा मुंबईकरांचा रोग आहे.

या निष्कर्षात तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. मुंबईत त्या वेळी खरोखरच साथ पेटलेली होती. जुलै २०२०मध्ये तेथील तीन विभागांत रक्ताची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणू येऊन गेल्याची खूण सापडली. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहणाऱ्या आमच्या चाकरमान्यांना तो कोठे गाठल्यावाचून राहणार होता? परंतु वहीत ज्यांची नावे नव्हती त्यांची तपासणीच होत नव्हती, ही गोष्ट गाव विसरले. घाटावरून भाजी घेऊन येणारा टेम्पोवाला, बाजारातला दुकानदार, बँकेच्या रांगेतला पेन्शनर, यांच्या नाकात कोणी काडी घातली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये देशभर झालेल्या पाहणीत, नोंदलेल्या एका बाधितामागे प्रत्यक्षात २६ ते ३२ माणसांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज निघाला. एक वहीत, आणि तीस वहीबाहेर. ज्या एकाची नोंद झाली, त्याचे ‘वैशिष्ट्य’ पुष्कळदा इतकेच होते, की त्याला दारात थांबवून नाव विचारण्यात आले.

नाक्यावरच्या तापमापकाची गोष्टही याच जातीची. घाटाच्या नाक्यावर प्रत्येक वाहन थांबवून, उतारूंच्या कपाळावर पिस्तूल रोखावे तसे ते यंत्र रोखले जाई, आणि आकडा हिरवा आला की ‘चला’ म्हणून हात होई. मे महिन्याच्या दुपारी टेम्पोच्या हौद्यातून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले, आणि गार हवेच्या मोटारीतून आलेल्याचे थंड, हा त्यातला विनोद सोडून देऊ. चीनमधल्या त्या १०९९ रुग्णांत, म्हणजे आधीच रुग्णालयात पोहोचलेल्या माणसांत, दाखल होतेवेळी ताप होता तो केवळ ४३.८ टक्के लोकांना. न्यूयॉर्कच्या ५७०० जणांत तर ३०.७ टक्क्यांना. मुक्कामात पुढे पुष्कळांना ताप चढला, हे खरे. चीनमध्ये तो आकडा ८८.७वर गेला. पण दारात उभे असताना ताप नसणाराच अधिक, हे फेब्रुवारी-एप्रिल २०२०मध्येच छापून आलेले असताना आमच्या नाक्यावरचे पिस्तूल पुढे कित्येक महिने इमानेइतबारे चालू होते. बंदोबस्ताला काहीतरी हातात लागते.

आता सहव्याधींकडे वळू, कारण या सर्व तक्त्यांचा कणा तोच आहे. न्यूयॉर्कमधल्या रुग्णांपैकी ५६.६ टक्के लोकांना उच्च रक्तदाब, ४१.७ टक्के लोकांना स्थूलता आणि ३३.८ टक्के लोकांना मधुमेह होता. ब्रिटनमधल्यांपैकी २३ टक्के लोकांच्याच नावावर कोणताही मोठा जुना आजार नोंदलेला नव्हता. यावरून मधुमेही आणि हृदयरोगी माणसाने अधिक जपावे, हा जो बोध निघाला तो योग्यच होता. पण हे कोष्टक जसेच्या तसे आमच्या केसपेपरावर उतरवले की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ‘डायबेटीस आहे का?’ असा प्रश्न कारकून विचारतो. आयुष्यात कधीही रक्त तपासून न घेतलेला साठीचा शेतकरी, अगदी खरे बोलत, ‘नाय’ म्हणतो. आणि रकान्यात ‘नाही’ लिहिले जाते. त्या ‘नाही’चा खरा अर्थ ‘ठाऊक नाही’ असा आहे, परंतु तक्त्यात गेल्यावर तो शब्द स्वतःच्या पायावर उभा राहतो, आणि ‘सहव्याधी नसलेला रुग्णही दगावला’ अशी बातमी होऊन गावात परत येतो. शेजारच्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. बांद्याच्या अलीकडे येताच साखर आपले प्रमाण सोडून देत असेल, असे मानण्यास मला तरी कारण दिसत नाही. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे, हे करोनासाठी दाखल झाल्यावरच कळले.

तंबाखूच्या रकान्याने तर एका प्रगत देशालाही चकविले. २०२०च्या वसंतात फ्रान्समधल्या काही डॉक्टरांना असे दिसून आले, की रुग्णालयात आलेल्या करोनाबाधितांत धूम्रपान करणारे अपेक्षेपेक्षा फारच थोडे आहेत. मग निकोटीन या विषाणूपासून संरक्षण करीत असावे, अशी कल्पना निघाली, वृत्तपत्रांनी ती उचलली, आणि लोक औषधांच्या दुकानांतून निकोटीनच्या पट्ट्या रिकाम्या करतील, या भीतीने सरकारला त्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. कारणे साधी असू शकत होती: घाईत भरलेल्या केसपेपरात कोरी जागा म्हणजे ‘ओढत नाही’ असे धरले गेले, आणि आरंभी ज्यांच्या तपासण्या अधिक झाल्या त्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांत धूम्रपान मुळातच कमी. आमच्या बाजूला या रकान्याची आणखी एक तऱ्हा असते. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आमच्याकडची आजी नाही म्हणते, आणि उगाच कशाला विचारता म्हणून वर रागावते. सकाळ-संध्याकाळ दातांना लावली जाणारी मशेरी ही तिच्या लेखी तंबाखू नव्हेच.

रुग्णालयातल्या माणसांवरून बाहेरच्यांविषयी अनुमान काढण्याच्या या भ्रमाचे मूळ १९४६ साली जोसेफ बर्कसन नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने नेमके दाखवून दिले होते. दोन आजारांचा समाजात एकमेकांशी काडीचा संबंध नसला, तरी दोन्हींपैकी कोणताही माणसाला रुग्णालयात आणण्यास पुरेसा असेल, तर रुग्णालयाच्या आत ते एकमेकांशी जोडलेले, किंवा एकमेकांना टाळणारे, भासू लागतात. गणित बाजूला ठेवले तरी गोष्ट समजण्यास अवघड नाही. फोंडाघाटाच्या बाजारात उभे राहून भेटणाऱ्या माणसांवरून गावाची प्रकृती ठरवणारा कोणी पाहुणा, या गावात अंथरुणाला खिळलेले एकही माणूस नाही, असे खुशाल लिहून नेईल. आणि त्याने लिहिलेला एकेक शब्द त्याने पाहिलेल्या माणसांपुरता खराच असेल.

मी येथवर दाराच्या आतल्या माणसांबद्दल बोललो. बाहेर राहिलेल्यांपैकी एकीचे वर्णन करतो. २०२१च्या एप्रिलअखेर, म्हणजे काजूचा हंगाम ऐन भरात असताना, आशा स्वयंसेविका, म्हणजे आमच्या आशाताई, घरोघर प्राणवायू मोजण्यासाठी बोटाला लावायचे ते यंत्र घेऊन हिंडत होत्या आणि मी वही धरून त्यांच्याबरोबर होतो. एका पडवीत एक सत्तरीच्या आसपासची बाई बोंडूंपासून बिया पिळून वेगळ्या करीत बसली होती. मुलगा मुंबईस, सून मुंबईस, घरात ती आणि एक मांजर. चार दिवस अंगात कसकस होती, पण विचारले तेव्हा ती म्हणाली, “माका कायएक झाला नाय, वायच दमलंय.” आशाताईंनी तिच्या बोटाला यंत्र लावले, तर आकडाच दिसेना. यंत्र बिघडले म्हणून त्यांनी ते स्वतःच्या बोटाला लावून पाहिले; ते चालत होते. मग त्यांच्या ध्यानात आले. काजूच्या तेलाने आणि डिकाने तिची दहाही बोटे नखांसकट काळी, राठ झाली होती, आणि त्या सालींतून यंत्राचा लाल प्रकाश पलीकडे जात नव्हता. खोबरेल लावून, फडक्याने पुसून, करंगळी जराशी उजळल्यावर आकडा आला: ८९. बाई मात्र हसून बोलत होती, “तुमचा मशीन खोटा.” रक्तातला प्राणवायू घसरलेला आणि माणूस मात्र निवांत, हे या रोगाचे जे फसवे रूप वैद्यांनी वर्णिले आहे, ते मी त्या पडवीत प्रत्यक्ष पाहिले. (गोऱ्यांपेक्षा काळ्या कातडीच्या रुग्णांत या यंत्राची चूक अधिक वेळा होते, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी डिसेंबर २०२०मध्ये दाखवून दिले, काजूच्या डिकाबद्दल मात्र कोणी निबंध लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.)

ती बाई रुग्णालयात गेली नाही. गाडीची व्यवस्था झाली, शेजारी आले, मुलाचा फोन झाला, पण ती उठेना. तिचे कारण एकच: “हॉस्पिटलात न्हेल्लो माणूस परत येणा नाय.” या वाक्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, मला ते एका परीने संख्याशास्त्रीय विधान वाटले. लोक भीतीने उशिरा जात. उशिरा गेलेले अधिक दगावत. दगावलेल्यांची गावात मोजदाद होई आणि भीती वाढे. मग पुढचा आणखी उशिरा जाई. रुग्णालयातल्या मृत्यूंचे प्रमाण वाढवण्यात रुग्णालयाविषयीच्या धास्तीचा असा वाटा असतो, आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, कारण ‘लक्षणे सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी आला’ हा प्रश्न विचारला तरी त्याचे उत्तर घाबरलेले नातेवाईक नेहमी ‘कालपासून’ असेच देतात. त्या बाईवर पुढे आशाताईंनी आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी घरीच, पालथे निजवून, दिवसातून चार वेळा बोट पुसून, लक्ष ठेवले, आणि ती वाचली. तिच्या वाचण्यावरून काही सिद्ध होत नाही. तसेच वागलेली दोन माणसे त्याच पंधरवड्यात गेली.

बायकांचा विषय निघाला आहे तर तो येथेच बोलून टाकतो. बहुतेक तक्त्यांत पुरुष साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक आढळतात: वुहानच्या ४१ जणांत ७३ टक्के, न्यूयॉर्क आणि ब्रिटनमध्ये साठाच्या आगेमागे. पुरुषांना हा रोग अधिक जड जातो, यास शरीरशास्त्राचा आधार आहे, आणि जेथे स्त्रियांना दवाखान्याची वाट तितकीच मोकळी आहे तेथेही हा फरक दिसला आहे. परंतु सिंधुदुर्ग हा २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया असलेला, तरुण पुरुष मुंबईस पाठवून म्हाताऱ्या बायकांनी राखलेला जिल्हा आहे. अशा जिल्ह्यातल्या केसपेपरांतही जर पुरुषच अधिक निघाले, तर त्या फरकाचे सगळे श्रेय गुणसूत्रांना देण्यापूर्वी, पडवीत बसून ‘वायच दमलंय’ म्हणणाऱ्या किती जणी मोजावयाच्या राहिल्या, ते विचारले पाहिजे. ‘त्यांका आधी न्हेवा’ असे सांगणारी बाई प्रत्येक घरात असते.

या ठिकाणी १९१८च्या इन्फ्लुएंझाची आठवण होते. त्या साथीत मुंबई शहरात झालेल्या मृत्यूंचा तक्ता महानगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याने जातवार केला होता: युरोपियनांत दर हजारी ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९, आणि ज्यांना त्या काळच्या दप्तरात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले जाई त्यांच्यात ६१.६. परक्या सरकारने आपल्या वर्गवारीच्या वेडातून तो रकाना आखला असेल. पण त्यामुळे शंभर वर्षांनंतरही, रोग अंगावर येण्याआधी माणूस कोठे राहत होता, हा त्याच्या ‘वैशिष्ट्यां’तला सर्वांत बोलका भाग आहे, हे आपल्याला दिसते. आमच्या २०२०च्या केसपेपरात हृदय, मूत्रपिंड, यकृत, सगळ्यांना जागा होती. खोलीत माणसे किती, या प्रश्नाला नव्हती. जातीचा रकाना पुन्हा आखा, असे मी सुचवत नाही. खोलीचा मात्र आखता आला असता.

मग हे सगळे तक्ते निरर्थक समजावयाचे काय? मुळीच नाही, आणि येथे मला माझ्याच शंकेला लगाम घालावा लागतो. करोनावरचे पहिले खरेखुरे उपयोगी औषध सापडले ते रुग्णालयाच्या आतच. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत २१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड दिले गेले आणि ४३२१ जणांना नेहमीचे उपचार. कोणाला कोणते द्यावयाचे ते चिठ्ठी टाकून ठरले. चिठ्ठीला गाडीभाडे लागत नाही, ती बाई-पुरुष पाहत नाही, आणि म्हणूनच दाराने केलेली निवड दोन्ही गटांत सारखी वाटली जाते. १६ जून २०२०ला निष्कर्ष जाहीर झाला आणि पुढे सविस्तर आकडे आले: कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर उतरले, प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२वरून २३.३वर, आणि ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांच्यात लाभ काही दिसला नाही, उलट औषध घेतलेल्या गटात मृत्यू किंचित अधिकच होते, १४च्या ठिकाणी १७.८. म्हणजे वय, लिंग, सहव्याधी या साऱ्या वैशिष्ट्यांच्या गर्दीत उपचाराचा निर्णय ज्यावर ठरावा असे वैशिष्ट्य एकच निघाले: या माणसाला या क्षणी प्राणवायू लागतो की नाही.

इतकी मोलाची आणि इतकी सोपी गोष्ट आमच्यापर्यंत पोहोचली ती अर्धी पोहोचली. ‘स्टेरॉइडने माणसे वाचतात’ एवढे मोबाईलवरून घरोघर गेले. ‘प्राणवायू लागत असेल तर’ हे वाटेत गळले. २०२१च्या उन्हाळ्यात तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, साखर न तपासता, कोणाच्या तरी पाठवलेल्या चिठ्ठीवरून या गोळ्या घेतलेली माणसे मी पाहिली. मग म्युकरमायकोसिसचे, लोकांच्या तोंडच्या ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण मोठ्या शहरांतून दाखल होऊ लागले, त्यांत मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले यांचाच भरणा होता. रेमडेसिव्हिरचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत त्याने मृत्यू टळत असल्याचे दिसले नाही, असे ऑक्टोबर २०२०मध्येच जाहीर झाले होते, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी आमच्या ओळखीचे लोक एका कुपीसाठी कोल्हापूर, सांगली, पणजी पालथे घालीत होते.

लसीकरणानंतरची एक गंमत सांगून हा विषय पुरा करतो. २०२२च्या आरंभी गावात एक नवा सूर निघाला, की दाखल होणारे बरेचसे लस घेतलेलेच असतात, तेव्हा लसीचा उपयोग काय? ज्या गावात सगळेच छत्री घेऊन हिंडतात त्या गावात भिजलेल्या माणसाच्या हातातही छत्रीच सापडणार, हे मी तेव्हा चहाच्या दुकानात तीन वेळा समजावून सांगितले. पटले कितपत, ते त्यांनाच ठाऊक.

ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. २०२१-२२पासून तेथे विद्यार्थी शिकत आहेत, आणि त्यांच्यापैकी काही जण केव्हातरी या जिल्ह्याचे केसपेपर उघडून आपल्याकडच्या रुग्णांची वैशिष्ट्ये लिहावयास बसतील. पुढची साथ कोणती येईल हे सांगता येत नाही. लेप्टो आहे, दोडामार्गाकडचा माकडताप आहे, आणखी काही नवीनही येईल. त्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की केसपेपर छापावयास देण्यापूर्वी त्यात चार गोष्टी वाढवाव्यात. मधुमेहापुढे ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘कधी तपासला नाही’ असे तिसरे घर असावे. रुग्णाला कोणी आणले आणि कोणत्या वाहनाने, ते लिहावे. राहत्या खोलीत माणसे किती, ते विचारावे. आणि दुखणे कधी सुरू झाले, हा प्रश्न नातेवाईकाला न विचारता, आजारी माणसाला, बाजूला घेऊन, त्याच्या बोलीत विचारावा. कागदावर याला चार ओळींहून अधिक जागा लागणार नाही.